नाकात विषाणू सापडला, पण आजार फुफ्फुसात आहे

एका वाचकाचं पत्र, थोडक्यात: घोडी १४ वर्षांची. अडीच महिन्यांपासून खोकते. संध्याकाळी अंग तापतं, ताप ३८.९ ते ३९.३ अंश सेल्सियस भरतो. बरगड्या दिसू लागल्यात आणि नुसती उभी असतानाही श्वास जलद चालतो. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, फरक पडला नाही. मग दमा समजून वैरण भिजवून दिली, श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध दिलं, त्याचाही म्हणावा तसा गुण आला नाही. शेवटी नाकातला स्वॅब तपासला, त्यात ईएचव्ही-५ हा विषाणू पॉझिटिव्ह आला. डॉक्टर आता छातीची सोनोग्राफी, एक्स-रे, फुफ्फुस धुऊन घेतलेल्या पाण्याची तपासणी आणि लागलीच तर बायोप्सी, म्हणजे फुफ्फुसाचा बारीक तुकडा काढून तपासणं, सुचवत आहेत. वाचक विचारतात: विषाणू सापडून निदान झालंच आहे, मग घोडीला एवढा त्रास कशाला? बायोप्सीत ती दगावली तर? त्यापेक्षा स्टिरॉइड सुरू करून बघितलं तर? आणि शेजारी बांधलेल्या तीन घोड्यांचं काय?

तुमच्या पत्रात 'निदान झालंच आहे' हे शब्द आहेत. बाकीचे प्रश्न त्यांच्यावरच उभे आहेत, म्हणून आधी तिथेच थांबू.

ईएचव्ही-५ म्हणजे घोड्यांचा हर्पीस विषाणू क्रमांक पाच. या कुळातले विषाणू एकदा अंगात शिरले की जन्मभराचा मुक्काम ठोकतात. बहुतेक घोड्यांना हा पाच नंबर शिंगरू असतानाच, कळपात वावरताना मिळतो आणि मग तो पांढऱ्या पेशींमध्ये गुपचूप पडून राहतो. अधूनमधून नाकातल्या स्रावात उतरतो, पुन्हा नाहीसा होतो, घोड्याला त्याचा पत्ताही नसतो. ठणठणीत घोड्यांच्या नाकात आणि रक्तातही तो सर्रास सापडतो. तुमच्या बाकीच्या तिघांचे स्वॅब पाठवलेत आणि त्यातला एखादा पॉझिटिव्ह आला, तर मला जराही नवल वाटणार नाही. नाकातल्या स्वॅबने हा विषाणू घोडीच्या अंगात आहे एवढं कळलं. तो फुफ्फुसात आहे का, तिथे किती आहे आणि आजार त्याच्यामुळेच आहे का, हे तिन्ही प्रश्न अजून तसेच आहेत.

तरीही तुमच्या डॉक्टरांना आलेली शंका मला रास्त वाटते. २००७ मध्ये अमेरिकेतल्या पशुरोगतज्ज्ञांनी २४ घोड्यांच्या फुफ्फुसांचं वर्णन प्रसिद्ध केलं. फुफ्फुसभर घट्ट, फिकट रंगाच्या तंतुमय गाठी होत्या आणि त्यातल्या बहुतेक घोड्यांच्या फुफ्फुसात ईएचव्ही-५. या आजाराचं नाव एक्वाइन मल्टिनोड्युलर पल्मनरी फायब्रोसिस, बोलताना ईएमपीएफ. २०१३ मध्ये निरोगी घोड्यांच्या फुफ्फुसात हा विषाणू सोडून तशाच तंतुमय गाठी तयार होतात हेही दाखवलं गेलं. म्हणजे विषाणूचा आणि आजाराचा संबंध पक्का आहे. पण इतक्या घोड्यांमध्ये असलेला हा विषाणू मोजक्याच घोड्यांमध्ये असा का वागतो, याचं समाधानकारक उत्तर अजून मिळालेलं नाही. म्हणून निदान विषाणूपाशी संपत नाही. फुफ्फुसातला बदल दिसावा लागतो, विषाणू त्याच फुफ्फुसातून मिळावा लागतो, आणि तसाच दिसणारा दुसरा आजार नाही याची खात्री करावी लागते.

घोडीचं वय, बारीक ताप, घटतं वजन, दाद न देणारा खोकला, सगळं ईएमपीएफमध्ये बसतं. हा आजार बहुतेक मध्यम वयाच्या आणि त्यापुढच्या घोड्यांना होतो. पण हीच लक्षणं जुनाट न्यूमोनिया, छातीत साचलेला पू, बुरशीचा संसर्ग किंवा फुफ्फुसात पसरलेला कर्करोग यांतही दिसतात. दम्यात मात्र ती अशी एकत्र दिसत नाहीत. दम्याचा घोडा धापा टाकतो, श्वास सोडताना पोट भात्यासारखं आत ओढतो, पण त्याला ताप नसतो आणि आजार फार बळावेपर्यंत त्याची भूकही शाबूत असते. संध्याकाळचा ३९ चा ताप अडीच महिने टिकला असताना नुसता दमा धरून चालणं मला पटत नाही. तुमच्या डॉक्टरांनी तो विचार सोडला, हे ठीकच झालं.

शंका उरलीच असेल तर एक सोपी चाचणी आहे. हायोसिन ब्युटिलब्रोमाइड हे पोटदुखीवरचं इंजेक्शन किलोमागे ०.३ मिलिग्रॅम शिरेतून दिलं की आखडलेल्या श्वासनळ्या दहा मिनिटांत सैल होतात. श्वास डोळ्यांदेखत हलका झाला, तर अडथळा नळ्यांच्या आकुंचनाचा. काहीच फरक पडला नाही, तर फुफ्फुसच कडक झालंय किंवा भरलंय असं समजायचं. इंजेक्शननंतर नाडी थोडा वेळ वाढते, घाबरू नका. पण आधीच जलद असलेल्या नाडीवर हे द्यायचं की नाही, ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

आता तपासण्या, ज्या क्रमाने मी त्या करवून घेतल्या असत्या त्या क्रमाने.

सुरुवात तुमच्या हातातल्या कामाने. रोज सकाळी वैरण टाकण्यापूर्वी आणि संध्याकाळी ताप, नाडी आणि श्वास लिहून ठेवा. श्वास बरगड्यांच्या मागच्या कुशीकडे बघून पूर्ण एक मिनिट मोजायचा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, तिथेच आकडे चुकतात. विश्रांतीत मोठ्या घोड्याचा श्वास मिनिटाला ८ ते १६, नाडी २८ ते ४४ आणि ताप ३८.५ च्या खाली असतो. आठवड्यातून एकदा वजनाचा अंदाज घ्या: छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, त्याला खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडाच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. घेर १७५ आणि लांबी १६० असेल तर उत्तर साधारण ४१२ किलो येतं. आकडा काटेकोर नसतो, पण दर वेळी त्याच माणसाने, त्याच जागी टेप धरून मोजलं तर घट लपत नाही. ताप उतरवणारं औषध दिलेल्या दिवशी तसं वहीत लिहा. नाहीतर 'ताप गेला' असं वाटतं आणि गेलेला असतो फक्त औषधाच्या अंमलापुरता.

रक्ताची तपासणी स्वस्त आणि निरुपद्रवी आहे. ईएमपीएफमध्ये पांढऱ्या पेशी, त्यातही न्यूट्रोफिल वाढलेल्या असतात, फायब्रिनोजेन हे दाहात वाढणारं प्रथिन चढलेलं असतं, थोडा रक्तक्षय असतो, रक्तातल्या प्रथिनांपैकी अल्ब्युमिन खाली आणि ग्लोब्युलिन वर. फायब्रिनोजेन निरोगी घोड्यात डेसिलिटरमागे २०० ते ४०० मिलिग्रॅम असतं. यातलं काहीही फक्त या आजाराचं म्हणता येत नाही, शरीरात जुनाट दाह आहे एवढं ते सांगतं. पण दम्यात हे आकडे बहुधा सरळ असतात, म्हणून त्यांची किंमत आहे. याच रक्तात प्लेटलेटही मोजून घ्या, पुढे बायोप्सीच्या वेळी त्या लागतील. सोय असेल तर धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजनही बघावा. समुद्रसपाटीवर तो साधारण ९० ते १०० मिलिमीटर पाऱ्याइतका असतो, ८० च्या खाली आला तर फुफ्फुस कमी पडतंय. नमुन्यात हवेचा बुडबुडा राहिला किंवा नमुना तासभर तसाच पडला तर हा आकडा फसवा निघतो.

त्यानंतर सोनोग्राफी. माझ्या मते आज तुमच्यासाठी सगळ्यात मोलाची तपासणी हीच. टोचणं नाही, कापणं नाही, घोडीला हलवणंही नाही. गाभण तपासायला जे यंत्र वापरतात, त्याच्या प्रोबनेही फुफ्फुसाचा पृष्ठभाग पाहता येतो. खोलवर पाहायला २.५ ते ५ मेगाहर्ट्झचा प्रोब बरा. केस भादरता आले तर उत्तम, नाही तर भरपूर स्पिरिट ओतून केस चोपडे करायचे. मागच्या बरगड्यांपासून पुढच्या पायाच्या आडोशापर्यंत, प्रत्येक दोन बरगड्यांमधली फट वरून खाली, आणि दोन्ही बाजू. एकच बाजू घाईघाईने पाहणं ही नेहमीची चूक आहे. निरोगी फुफ्फुसाचा काठ सरळ, चकचकीत रेषेसारखा दिसतो आणि श्वासाबरोबर सरकतो. ईएमपीएफमध्ये ती रेषा खडबडीत होते, तिच्यातून खाली धूमकेतूच्या शेपटीसारखे झोत गर्दीने उतरतात, आणि मधूनमधून एक ते काही सेंटिमीटरच्या गोल, काळसर गाठी दिसतात. धूमकेतूच्या दोन-चार शेपट्या निरोगी घोड्यातही दिसतात. छातीभर दिसल्या, तर ती वेगळी गोष्ट.

सोनोग्राफीची मर्यादाही ठाऊक असू द्या. आवाजाच्या लहरी हवेतून आत जात नाहीत, त्यामुळे ज्या गाठी पृष्ठभागाला टेकलेल्या आहेत तेवढ्याच दिसतात. खोलवरच्या गाठी एक्स-रेवर कळतात: दोन्ही फुफ्फुसांत विखुरलेले, कडा धूसर असलेले पांढुरके गोळे आणि त्यांच्यामध्ये सगळीकडे जाळीसारखा करडेपणा. मोठ्या घोड्याच्या छातीतून किरण पार व्हायला यंत्र ताकदीचं हवं, आणि एका चित्रात छाती मावत नाही, एकमेकांवर थोडी चढणारी चार चित्रं घ्यावी लागतात. पायांसाठीच्या हलक्या यंत्रावर घेतलेलं धूसर चित्र दाखवून कुणी 'फुफ्फुस स्वच्छ आहे' म्हणालं, तर त्यावर विसंबू नका. तसंच, चित्रात गाठी दिसल्या म्हणजे ईएमपीएफच, असंही नाही. बुरशीच्या गाठी, कर्करोगाच्या गाठी, फुफ्फुसातले गळू लांबून असेच दिसू शकतात.

इथे एक आडवाट, पण ती टाळता येत नाही. तुम्ही राहता त्या भागात ग्लँडर्स आढळत असेल, तर पुढच्या कुठल्याही टोचण्याआधी त्यासाठी रक्त तपासून घ्या. त्या जिवाणूच्या आजारातही फुफ्फुसात गाठी होतात, घोडा खंगतो, बारीक ताप राहतो, आणि तो माणसाला लागतो. माणसात तो जीवघेणा ठरू शकतो. नाकातून चिकट स्राव, नाकाच्या आत व्रण किंवा पायांवर फुटणाऱ्या गाठी असतील तर हातमोजे आणि मास्कशिवाय घोडीजवळ जाऊ नका. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या यादीतला हा आजार आहे, बहुतेक देशांत सरकारी पशुवैद्यकांना कळवणं बंधनकारक आहे. त्याचप्रमाणे ऑस्ट्रेलियात वटवाघळांकडून येणारा हेन्ड्रा विषाणू. तोही श्वासाचा त्रास देतो आणि माणसाला मारू शकतो. मात्र तो झपाट्याने येतो, अडीच महिने रेंगाळत नाही.

चित्रात बदल दिसले की पुढचा महत्त्वाचा नमुना म्हणजे फुफ्फुस धुऊन घेतलेलं पाणी. घोडीला भूल देत नाहीत, उभ्या उभ्या गुंगीचं इंजेक्शन देतात. नाकातून साधारण तीन मीटर लांबीची, टोकाला फुगा असलेली नळी किंवा एंडोस्कोप श्वासनलिकेत उतरवतात. वाटेत लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध पातळ करून सोडतात, नाहीतर खोकून खोकून घोडी नळी टिकू देत नाही. नळी पुढे जाईनाशी झाली की फुगा फुगवून जागा बंद करायची, कोमट निर्जंतुक सलाइन २५० ते ५०० मिलिलिटर सोडायचं आणि हलक्या हाताने परत ओढायचं. निम्म्याच्या आसपास परत आलं तर चांगलं. वर साबणासारखा फेस असेल तर नमुना खोलवरून, वायुकोशांतून आला असं समजावं. फेस नसलेलं थोडंसं गढूळ पाणी बहुधा वरवरचं असतं, आणि प्रयोगशाळा त्याच्यावर नीट मत देऊ शकत नाही.

या पाण्याचे भाग कसे करायचे, हे घोड्याजवळच ठरतं आणि बहुतेक घोळ तिथेच होतो. पेशी बघण्यासाठी एक भाग ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत, बर्फाच्या पिशवीवर, त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचेल असा. पोचणार नसेल तर तिथल्या तिथे काचपट्ट्या करून वाळवायच्या. पीसीआरसाठी, म्हणजे विषाणूची जनुकं शोधणाऱ्या चाचणीसाठी, दुसरा भाग साध्या निर्जंतुक नळीत. जिवाणू आणि बुरशी वाढवून बघण्यासाठी, म्हणजे कल्चरसाठी, मात्र हे पाणी कच्चं पडतं, कारण नळी नाकातून गेल्यामुळे नाका-घशातले जंतू तिच्याबरोबर आत उतरतात. त्यासाठी श्वासनलिकेतला वेगळा नमुना घ्यावा, आणि तो फुफ्फुस धुण्याच्या आधी. आणखी एक, ऐकायला किरकोळ: तुकडे टिकवायच्या फॉर्मालिनची बाटली आणि न रंगवलेल्या काचपट्ट्या एका डब्यात पाठवू नका. फॉर्मालिनची वाफ पेशींचा रंग बिघडवते, आणि मग 'नमुना वाचता येत नाही' असं पत्र येतं.

निकालात काय शोधायचं? निरोगी पाण्यात न्यूट्रोफिल ५ टक्क्यांच्या आसपास किंवा कमी असतात. ईएमपीएफमध्ये ते बरेच वाढतात, पण तसे ते जोराच्या दम्यातही वाढतात, म्हणून नुसत्या टक्केवारीवर जाऊ नये. खूण पटवणारी गोष्ट म्हणजे मोठ्या भक्षक पेशींच्या केंद्रकात दिसणारा गुलाबी ठिपका, विषाणूचा साठा. तो दिसला तर निदानाकडे मोठं पाऊल पडलं. दिसला नाही म्हणून आजार नाही असं नाही, कारण तो अनेकदा सापडतच नाही. पीसीआरमध्ये ईएचव्ही-५ पॉझिटिव्ह आला तर नाकातल्या पॉझिटिव्हपेक्षा त्याचं वजन कितीतरी जास्त, आणि प्रयोगशाळा प्रमाण सांगत असेल तर ते जरूर विचारा. ईएमपीएफच्या घोड्यांत ते सहसा ठणठणीत घोड्यांपेक्षा पुष्कळ वर असतं. 'क्षीण पॉझिटिव्ह' एवढाच शेरा आला तर मी त्याच्यावर घर बांधणार नाही.

एक अट मात्र पाळा. घोडीचा श्वास नुसता उभी असताना मिनिटाला ३० च्या वर असेल, नाकपुड्या फुललेल्या असतील, हिरड्या निळसर असतील, तर हे धुणं पुढे ढकला. तिला आधी स्थिर करा, ऑक्सिजनची सोय असेल तर लावा. प्लास्टिकची पिशवी नाकाला धरून खोल श्वास घ्यायला लावायची युक्ती निरोगी घोड्यावर चालते, धापा टाकणाऱ्या घोडीवर ती करू नये.

मग बायोप्सी. तिला तुम्ही घाबरता, ते मला अगदी समजतं, आणि डॉक्टरांनी ती शेवटी ठेवली हे बरोबरच. ईएमपीएफचं पक्कं निदान ऊतीवरच होतं: वायुकोशांच्या भिंतींमध्ये तंतूंची दाट विण, आत चौकोनी पेशींचं अस्तर, पोकळीत न्यूट्रोफिल आणि भक्षक पेशी. सोनोग्राफीने गाठ समोर दिसत असताना, स्प्रिंगच्या १४ गेजच्या सुईने दोन-तीन बारीक काड्या काढायला काही मिनिटं पुरतात. जागा भादरून धुवायची, कातडीत आणि खालच्या स्नायूंत बधिरी भरायची, ब्लेडच्या टोकाने छोटी चीर द्यायची. सुई नेहमी मागच्या बरगडीच्या पुढच्या काठाला लागून आत घालायची, कारण रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू प्रत्येक बरगडीच्या मागच्या काठाने जातात. एक काडी दहापट फॉर्मालिनमध्ये सूक्ष्मदर्शकासाठी, एक फॉर्मालिनशिवाय, थंड ठेवून, पीसीआरसाठी. सगळ्या काड्या फॉर्मालिनमध्ये टाकल्या तर विषाणूची तपासणी अवघड होऊन बसते, आणि दुसऱ्यांदा टोचावं लागतं ते याच चुकीपायी.

धोका काय? खोकला, नाकातून थोडं रक्त, क्वचित छातीत रक्तस्राव किंवा हवा भरणं. मृत्यू विरळा, पण होऊ शकतो, तो होतच नाही असं मी म्हणणार नाही. म्हणून प्लेटलेट कमी असतील, घोडी धापा टाकत असेल किंवा गाठ सोनोग्राफीत दिसतच नसेल तर टोचू नये. टोचल्यावर पहिला तासभर दर पंधरा मिनिटांनी श्वास, नाडी आणि हिरड्यांचा रंग बघायचा. नाकातून दोन थेंब रक्त आलं तर काळजी नाही. धार लागली, घोडी सारखी गिळू लागली किंवा श्वास एकदम वाढला, तर डॉक्टर जवळच असायला हवेत. २४ तास ती खोलीतच राहू द्या. धनुर्वाताची लस चालू आहे ना, ते आधीच बघून ठेवा.

बायोप्सी प्रत्येक घोडीला लागते का? माझं मत, नाही. एक्स-रेवर ठळक गाठी, रक्तात दाह, फुफ्फुसाच्या पाण्यात भरपूर ईएचव्ही-५, भक्षक पेशींत ते गुलाबी ठिपके आणि कल्चरमध्ये जिवाणू किंवा बुरशी नाही, एवढं जुळलं तर 'बहुधा ईएमपीएफ' म्हणून उपचार सुरू करणं समजूतदारपणाचं आहे. पण यातला एखादा दुवा निखळला, समजा पाण्यात विषाणूच नाही, किंवा गाठी एकाच बाजूला आहेत, किंवा बुरशीची शंका आहे, तर ऊतीशिवाय पुढे जाऊ नये. त्याचं कारण तुमच्या तिसऱ्या प्रश्नात आहे.

'स्टिरॉइड देऊन बघू' हा मार्ग सोपा दिसतो, आणि ईएमपीएफच्या उपचारात स्टिरॉइड असतंच. तरीही निदानाआधी ते देऊ नये, असं मी ठामपणे सांगेन. छातीत बुरशी किंवा पू असेल तर स्टिरॉइड त्यांना मोकळं रान देतं. दुसरं, ते ताप दाबतं आणि धुण्याच्या पाण्यातल्या पेशींचं चित्र बदलतं, म्हणजे चार दिवस बरं वाटतं आणि नंतरच्या तपासण्या आंधळ्या होतात. आधीच एखादा डोस दिला गेला असेल तर तारखेसह डॉक्टरांना सांगा, लपवू नका. तिसरं, घोड्यांत स्टिरॉइडने खुरांचा दाह भडकू शकतो. दिलंच तर रोज खुरांना हात लावून उष्णता बघायची, खुराच्या वरच्या सांध्याजवळची नाडी ठणकते का ते बघायचं, आणि ती पाय आलटूनपालटून उचलते का तेही.

उपचाराविषयी थोडंच, कारण तुम्ही निदानाबद्दल विचारलंय. निदान झाल्यावर सहसा डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन आणि त्याच्या जोडीला विषाणूविरोधी औषध देतात. औषध आणताना दोन फसगती होतात. प्रेडनिसोन आणि प्रेडनिसोलोन ही नावं सारखी वाटतात, पण प्रेडनिसोन तोंडावाटे दिलं तर घोड्यात नीट कामाला येत नाही. तसंच ॲसायक्लोव्हिर तोंडावाटे दिलं तर घोड्याच्या रक्तात ४ टक्क्यांहूनही कमी उतरतं. म्हणून व्हॅलासायक्लोव्हिर वापरतात, पहिले दोन दिवस किलोमागे २७ मिलिग्रॅम दर आठ तासांनी, मग १८ मिलिग्रॅम दर बारा तासांनी. ते महाग पडतं, आणि त्याने फुफ्फुसातला विषाणू हमखास कमी होतो असा भक्कम पुरावा नाही. काही घोडे सावरतात, काही कामालाही परततात. बरेच सावरत नाहीत. त्यामुळे खर्चाचा विचार औषध सुरू करण्याआधीच मोकळेपणाने डॉक्टरांशी बोला, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

या आजारातून घोडा जगत नाही असं तुम्ही इंटरनेटवर वाचलंत, असंही पत्रात आहे. पहिल्या अहवालांत तसंच चित्र होतं, पण त्यातले बरेच घोडे निदान होईपर्यंत फार पुढे गेलेले किंवा मेलेले होते. लवकर ओळखलेल्या घोडीचं काय होईल, ते त्या आकड्यांवरून सांगता येत नाही. बरोबर दिशेने चाललंय का, ते तुमची वही सांगेल: ताप दोन आठवड्यांत खाली आला, श्वास २० च्या आसपास उतरला, भूक परतली, तर उपचार चालू ठेवून वाट बघायला कारण आहे. एक्स-रे सुधारायला महिने लागतात, दर आठवड्याला काढू नका. याउलट, औषधं चालू असूनही ती खाणं सोडते, मान ताणून उभी राहते, आडवी पडून विसावतच नाही, तर तिला यातनांतून कायमचं सोडवण्याचा विचार करण्याचा दिवस आला असं समजा. त्या दिवशी गोंधळ नको म्हणून या खुणा डॉक्टरांबरोबर आत्ताच लिहून ठेवा.

शेजारच्या तीन घोड्यांबद्दल. ईएमपीएफ कळपात एकाच घोड्याला होतो असं बहुधा दिसतं, त्याची साथ पसरत नाही, आणि विषाणू त्यांच्याही अंगात आधीपासून असण्याचीच शक्यता जास्त. त्यासाठी त्यांना दूर न्यायची गरज नाही. पण ही सूट निदान पक्कं झाल्यावरची. तोवर घोडीला वेगळं ठेवा, तिची बादली, ब्रश, लगाम वेगळे ठेवा आणि तिचं काम सगळ्यांत शेवटी करा. फ्लूमध्ये आणि ईएचव्ही-१ मध्ये, म्हणजे घोड्यांच्या हर्पीस विषाणू क्रमांक एकमध्ये, ताप ४० च्या वरही जाऊ शकतो, खोकला तबेल्यात काही दिवसांत एकाकडून दुसऱ्याकडे फिरतो. बाकी तिघांचा ताप दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ घेतलात तर ती शंकाही मिटेल. दुसऱ्या कुणाचा ताप चढलाच, तर पहिल्या एक-दोन दिवसांत लांब काडीने नाक-घशाचा खोलवरचा स्वॅब घ्यावा आणि सीरमसाठी रक्त काढून ठेवावं, पुन्हा दोन ते तीन आठवड्यांनी. दोन्ही नमुने एकाच प्रयोगशाळेत, एकाच वेळी तपासायला सांगा. प्रतिपिंडांची पातळी चौपट वाढली तरच ताजा संसर्ग मानतात. एकट्या नमुन्यातला आकडा मागच्या लसीचाही असू शकतो, म्हणून लसीच्या तारखा सोबत पाठवा.

या आठवड्यात डॉक्टरांना सोनोग्राफीसाठी बोलवा, त्याच भेटीत रक्त काढून घ्या, आणि तुमच्याकडे ग्लँडर्स असेल तर त्याचाही नमुना द्या. डॉक्टर येईपर्यंत तिला स्टिरॉइड देऊ नका. ताप उतरवणारं औषधही शक्यतो आदल्या दिवशी टाळा, म्हणजे त्यांना खरा ताप बघायला मिळेल. एरवी चारा भिजवून, खोलीची दारं उघडी ठेवून, धूळ उडणार नाही अशा जागी तिला राहू द्या. नाकाचा तो पॉझिटिव्ह रिपोर्टही त्यांना दाखवा, पण त्याच्यावर तारीख आणि स्वॅब कुठून घेतला ते लिहिलंय ना, एवढं तपासून.